आठवी नळी

डिकेटरला वारा पश्चिमेचा सुटला
की गावभर उकडत्या सोयाबीनचा वास.
इथले लोक म्हणतात, हा पगाराचा वास आहे.
नाक मुरडणं मी सोडलं, त्याला तीन हिवाळे झाले.

आर्लीन स्टोल्ट्झ कॉफीच्या डब्यातून बिया घेऊन आली.
डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर पेन्सिलीने: कच्च्या.
पिल्लं खातात, म्हणाली, पोटभर खातात,
आणि अंगाला काही लागत नाही.
एक कापून पाहिलं तर स्वादुपिंड हे एवढं सुजलेलं.
तिने अंगठा पुढे केला.
“हेमी, माझ्या पाखरांना आतून कोण उपाशी ठेवतंय?”

मी बिया दळल्या, अर्क गाळला, आठ नळ्या मांडल्या.
ट्रिप्सिन कापत जातं तसं पाणी पिवळं होतं.
पहिलीत अर्क नाहीच: थेट हळद.
दुसरीत थेंबभर, तिसरीत दोन,
मग लिंबाची साल, मग जुना कागद,
आणि आठवी कोरी,
हळद लागायचीच राहिलेली.

कसं होतं ते मी तिला हातांनी दाखवलं.
ही मूठ म्हणजे ट्रिप्सिन.
मुठीत एक खोल खोबण,
तळाशी ऋण भार, आर्जिनिनची वाट बघणारा.
बीमधलं प्रथिन आपलं एक बोट
नेमकं त्या खोबणीत घालतं,
कापून घ्यायलाच आल्यासारखं.
सुरी उतरते. बंध कधी तुटतोसुद्धा.
पण तुटलेली टोकं लांब जात नाहीत,
शेजारी शेजारी थांबतात
आणि पुन्हा जुळतात.
सुरी तिथेच. गिळवत नाही, थुंकवत नाही.
आठवडे जातात असे.
यात मारामारी नाही, आर्लीन.
नुसता हात धरलाय.

“आमच्या चर्चमध्ये असा एक आहे,” ती म्हणाली,
“गुड मॉर्निंग म्हणतो आणि हात सोडतच नाही.”
आम्ही दोघी हसलो.

मग डबा मांडीवर घेऊन ती बसून राहिली.
व्हर्लिन पुन्हा हॉस्पिटलात आहे.
त्याचंही स्वादुपिंडच.
तोंडाने पाणीसुद्धा नाही, चौथा दिवस.
डॉक्टर म्हणे, ते स्वतःलाच पचवतंय.

मी सगळं सांगितलं नाही.
की ज्या ग्रंथीत ट्रिप्सिन निजलेलं जन्मतं
तिथेच त्याचा हात धरणाराही जन्मतो,
एवढासा, छप्पन्न मण्यांचा,
कुणी वेळेआधी जागा झालाच तर असावा म्हणून.
आणि जागे फार झाले
की तो एकटा पुरत नाही.
कुंपणानेच शेत खाल्लं, आम्ही म्हणतो.
इथे तर मैलोन्मैल शेतांना कुंपणच नाही,
हिला कुठून समजावू.

“यातलं काही त्याला देता येईल?”
बोट आठव्या नळीकडे.
नाही, म्हणाले. असलं काही लोकांनी देऊन पाहिलंय.
फारसं साधलं नाही.
तिने मान हलवली,
आधीच ठाऊक असलेला भाव कुणी सांगावा तशी.

मग मी मला येत होतं तेवढं सांगितलं:
बिया भाज. आतपर्यंत भाज, घाई करू नको.
आचेने त्या बोटाचा आकार मोडतो,
मग ते कुणाचाच हात धरू शकत नाही.
तिने पट्टीवरच लिहून घेतलं,
“कच्च्या”च्या खाली.

रात्री घरी वाल सोलत बसले.
रेडिएटरजवळ ठेवले म्हणून दोन दिवसांत मोड आले होते.
साल सुटताना बी बोटातून निसटते,
अजूनही तयार नसल्यासारखी.
बिरडं केलं, एकटीने खाल्लं.
फोन उशाशी. वाजला नाही.

सकाळी नळ्या धुवायला घेतल्या.
आठवी खिडकीशी धरली:
तळाला काहीतरी पिवळं, अगदी पुसट.
रात्रभरात एखादा हात सुटला असेल,
किंवा मी हातमोजे घातले नव्हते
आणि ती माझ्याच बोटांवरची
कालची हळद.